बोलोन्यात शिकायला येताय? पहिल्या पंधरा दिवसांत काय करायचं आणि कोणत्या क्रमानं

इटलीतल्या बोलोन्याला शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींकडं कागद सगळे असतात, तिकडून फाइल करूनच येतात, चुकतो तो क्रम. एका कागदाशिवाय दुसरा मिळत नाही, दुसऱ्याशिवाय तिसरा अडतो, आणि मधे शनिवार-रविवार आला की दोन दिवस नुसते खोलीत बसून जातात. म्हणून हे सगळं ज्या क्रमानं करायचं त्याच क्रमानं लिहितोय. मिलान, तोरिनो, पादोव्हा, रोम कुठंही जात असाल तरी कागदांचा भाग तोच आहे, फक्त ऑफिसांचे पत्ते बदलतील.

घरून निघायच्या आधी: नाव

पासपोर्ट उघडून नावाचे रकाने नीट बघा. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं नाव असं दोन्ही असतं आणि सरनेम वेगळं. इटलीत फॉर्मवर 'नोमे' लिहिलेलं असतं तिथं हा अख्खा गिव्हन नेमचा रकाना जातो, वडिलांच्या नावासकट, आणि 'कोन्योमे' म्हणजे आडनाव. इथं मधलं नाव असा वेगळा रकानाच नसतो, त्यामुळं काही जण ते गाळतात, काही जण आडनावाला जोडतात, आणि मग चार ठिकाणी चार नावं होतात.

यानं काय बिघडतं ते एका उदाहरणानं सांगतो. कोदिचे फिस्काले म्हणून १६ अक्षरं-आकड्यांचा टॅक्स नंबर असतो, साधारण आपल्या पॅनचं काम करतो, आणि तो तुमच्या नावातल्या व्यंजनांवरून, जन्मतारखेवरून आणि जन्मस्थळावरून बनतो (भारतात जन्मलेल्यांच्या नंबरात शेवटी झेड २२२ येतं, त्यापुढं फक्त एक तपासणीचं अक्षर). समजा पासपोर्टवर गिव्हन नेम 'स्नेहा विजय' असं आहे. नुसतं स्नेहा घातलं तर इंग्रजी स्पेलिंगमधली व्यंजनं तीनच, एस, एन, एच, तीच नंबरात येतात. पण स्नेहा विजय घातलं की व्यंजनं तीनच्या वर जातात, आणि तेव्हा नियम असा की पहिलं, तिसरं आणि चौथं घ्यायचं, म्हणजे एस, एच, व्ही. झाला ना नंबर वेगळा! इंटरनेटवर नंबर बनवून देणाऱ्या साइट आहेत, त्यावर घाईत अर्धं नाव टाकून आलेला नंबर भाड्याच्या ऍग्रीमेंटवर टाकला आणि सरकारनं दिलेला खरा नंबर दुसराच निघाला की बँक, सिम, स्कॉलरशिप सगळीकडं दुरुस्त्या करत फिरावं लागतं. म्हणून युनिव्हर्सिटीचा फॉर्म, विसाचा फॉर्म, इन्शुरन्स, सगळीकडं पासपोर्टवर आहे अगदी तसंच नाव लिहा, स्पेलिंगसकट.

ओरिजिनल कागद केबिन बॅगेत ठेवा, चेक-इन बॅगेत अजिबात नाही. ऍडमिशनचं पत्र, विसासाठी दिलेल्या सगळ्या कागदांचा एक सेट, इन्शुरन्स, राहायच्या जागेचा पुरावा, ७-८ पासपोर्ट साइज फोटो आणि दोन काळी बॉलपेनं. निळं पेन नको, कारण पुढं सांगतो.

एर्गो म्हणजे इथली प्रांताची स्कॉलरशिप देणारी संस्था. तिला अर्ज करणार असाल तर घरच्यांच्या उत्पन्नाचे, बँक शिलकीचे आणि घराच्या क्षेत्रफळाचे कागद अपॉस्टिल करून (म्हणजे परदेशात चालावेत म्हणून सरकारी शिक्का मारून) आणि इटालियन भाषांतरासहित लागतात. हे तिकडं मंत्रालय आणि परराष्ट्र खात्याच्या चकरा मारून होतं, इथून आईबाबांना पळवणं फार अवघड जातं, तेव्हा एर्गोची यादी बघून निघायच्या आधीच संपवा. घराचं क्षेत्रफळ स्क्वेअर मीटरमध्ये लागतं, आपल्या कागदावर ते बऱ्याचदा स्क्वेअर फुटात असतं हेही बघून ठेवा.

पोचल्याचा दिवस

मुंबईहून बोलोन्याला थेट विमान नाही, दुबई किंवा इस्तंबूलवरून किंवा फ्रँकफर्टसारख्या युरोपातल्या शहरावरून यावं लागतं. युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात (म्हणजे इटलीसारखे ज्यांच्यात आपसात इमिग्रेशनची तपासणी नसते ते देश) विमान बदललंत तर इमिग्रेशनचा शिक्का तिथंच बसतो, इटलीत पुन्हा कुणी काही विचारत नाही, त्यामुळं इटलीत कधी आलात याचा पुरावा म्हणून शेवटच्या विमानाचा बोर्डिंग पास जपून ठेवा. मिलानला उतरणार असाल तर आधी मिलानो चेंत्राले स्टेशन आणि तिथून फास्ट ट्रेननं बोलोन्या तासाभरात येतं, साध्या रेजोनालेला तीन तासांच्या आसपास लागतात पण ती बरीच स्वस्त पडते.

बोलोन्याच्या मार्कोनी एअरपोर्टवरून मोनोरेल आहे, मार्कोनी एक्स्प्रेस, सात मिनिटांत मेन स्टेशनला आणून सोडते. अंतराच्या मानानं तिकीट महाग वाटेल पण दोन मोठ्या बॅगा घेऊन पहिल्या दिवशी बस बदलत बसण्यापेक्षा हेच बरं.

स्टेशनबद्दल दोन गोष्टी. फास्ट ट्रेनचे प्लॅटफॉर्म खोल जमिनीखाली आहेत, बॅगा घेऊन खाली-वर करायला १० मिनिटं सहज जातात, कधी पुढं प्रवास करायचा असेल तर हे धरून निघा. दुसरं म्हणजे स्टेशनच्या भिंतीवरचं एक घड्याळ १० वाजून २५ मिनिटांवर थांबलेलं दिसेल. ते बंद पडलेलं नाही, मुद्दाम तसं ठेवलंय. २ ऑगस्ट १९८० ला त्या वेळी इथल्या वेटिंग रूममध्ये बॉम्बस्फोट झाला, ८५ माणसं गेली. दर वर्षी त्या दिवशी अख्खं शहर स्टेशनपुढं जमतं. ज्या शहरात दोन-तीन वर्षं राहणार त्याची ही जखम पहिल्या दिवसापासून माहीत असावी असं मला मनापासून वाटतं.

कागदी तिकीट काढलंत आणि रेजोनाले ट्रेन असेल तर चढायच्या आधी प्लॅटफॉर्मवरच्या छोट्या मशीनमध्ये घालून शिक्का मारून घ्यायचं. मोबाइलवरच्या तिकिटाला ऑनलाइन चेक-इन असतं. शिक्का नाही म्हणजे तिकीट नाही असंच धरतात आणि दंड करतात, नवीन आहे हो सांगून उपयोग होत नाही. शहरातल्या बसमध्ये बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड मशीनला टेकवलं की झालं, एक तिकीट ७५ मिनिटं चालतं. शनिवार-रविवारी जुन्या शहरातले मुख्य रस्ते गाड्यांना बंद असतात आणि ट्रामच्या कामामुळंही बसचे मार्ग बदलत असतात, तेव्हा स्टॉपवर वाट बघत उभं राहण्याआधी ऍपवर बघा. खरं सांगायचं तर बोलोन्या चालत फिरायचंच शहर आहे, जुन्या शहरात जिकडं जाल तिकडं डोक्यावर पोर्तिको असतात, म्हणजे इमारतींच्या खालून जाणारे कमानींचे फूटपाथ, अख्ख्या शहरातले सगळे मिळून ६० किलोमीटरच्या वर भरतात, २०२१ ला युनेस्कोनं त्यांना वारसा यादीत घेतलं. पाऊस आला तरी बहुतेक वेळा छत्री लागत नाही.

घर

हा सगळ्यात दुखरा विषय. बोलोन्यात विद्यार्थी भरपूर आणि खोल्या कमी, सप्टेंबरमध्ये तर रडकुंडीला येतात मुलं. सिंगल रूम ५०० युरोच्या खाली मिळणं कठीण झालंय, डबल रूममधली एक कॉट थोडी कमी. जुन्या शहराच्या भिंतींच्या आतच पाहिजे असा हट्ट धरू नका. स्टेशनच्या मागची बोलोनीना, सान दोनातो, चिरेनाइका, नाहीतर थोडं बाहेर सान लाझ्झारो किंवा कासालेक्कियो, इथूनही बसनं किंवा सायकलनं छान येता येतं.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो, जागा स्वतः किंवा ओळखीच्या माणसानं बघितल्याशिवाय एक युरोही पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक 'सध्या परदेशात आहे', चावी कुरियरनं पाठवतो आधी डिपॉझिट भरा, हे असं दिसलं की बोलणं तिथंच थांबवा. भारतातून येणाऱ्यांना विसासाठी पत्ता हवा असतो, घाई असते, आणि फसवणाऱ्यांना ती बरोबर माहीत असते. त्यापेक्षा पहिले १०-१५ दिवस हॉस्टेल किंवा सीनियरकडं पैसे देऊन राहा आणि इथं येऊन जागा बघा.

ऍग्रीमेंट लेखी आणि आजेंझिया देल्ले एंत्राते म्हणजे इथल्या टॅक्स ऑफिसकडं रजिस्टर केलेलं पाहिजे. विद्यार्थ्यांसाठी वेगळं ऍग्रीमेंट असतं, ६ महिने ते ३ वर्षांचं. डिपॉझिट जास्तीत जास्त तीन महिन्यांचं. मालक म्हणाला की रजिस्टर न करता भाडं थोडं कमी करतो, तर नको म्हणा, कारण पुढं परमिट, स्कॉलरशिप सगळीकडं रजिस्टर ऍग्रीमेंटच मागतात. कुणाकडं तात्पुरते राहत असाल तर त्या माणसानं तुम्ही राहायला आल्याचं ४८ तासांत पोलिसांना कळवायचं असतं, त्याची एक कॉपी मागून घ्या, पत्त्याचा पुरावा म्हणून चालते.

जागा बघताना भाड्यात काय काय धरलंय ते विचारा, हीटिंग बिल्डिंगचं एकत्र आहे की घराचं स्वतःचं ते विचारा. एकत्र असेल तर ते १५ ऑक्टोबर ते १५ एप्रिलच चालतं, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला थंडी पडली तर एक जाड पांघरूण जवळ लागतं.

पहिले आठ कामाचे दिवस: परमिट

विसा मिळाला म्हणजे काम झालं असं बऱ्याच घरी वाटतं. विसा फक्त आत येण्यापुरता, राहण्यासाठी पेर्मेस्सो दि सोज्जोर्नो लागतो, सगळे त्याला पेर्मेस्सोच म्हणतात, आणि त्याचा अर्ज आल्यापासून आठ कामाच्या दिवसांत करायचा असतो. रूम सापडली नाही, सिम नाही, जेट लॅग आहे, काहीही असो, हे आधी.

त्याच्याआधी एक काम, कोदिचे फिस्काले. आजेंझिया देल्ले एंत्रातेमध्ये फुकट मिळतो, पासपोर्ट, विसा आणि ओरिजिनल-झेरॉक्स दोन्ही घेऊन जा, काही जणांना आधीच कॉन्सुलेट किंवा युनिव्हर्सिटीकडून मिळालेला असतो तर तोच वापरा, दुसरा काढू नका. मिळाल्या मिळाल्या काउंटरवरच नाव, जन्मतारीख, जन्मगाव वाचून बघा. मग सिम घ्या, पासपोर्ट आणि हा नंबर दाखवला की मिळतं.

आता पोस्ट. सगळ्या पोस्टात हे काम होत नाही, ज्या पोस्टात स्पोर्तेल्लो आमिको नावाची खिडकी असते तिथंच होतं. मिंगेत्ती चौकातलं मुख्य पोस्ट सगळ्यांना माहीत आहे, पण गर्दीही तिथंच. दारातल्या मशीनमधून नंबर घ्यायचा आणि आधी नुसतं 'किट' मागायचं, एक मोठं पाकीट देतात, फुकट असतं. ते घरी आणून शांतपणे भरा. आत दोन फॉर्म असतात, विद्यार्थ्यांनी पहिलाच भरायचा. काळं पेन, कॅपिटल अक्षरं, एका चौकोनात एक अक्षर, खाडाखोड नको. अडलात तर पात्रोनातो म्हणून ऑफिसं असतात तिथं फॉर्म भरायला मदत करतात, आणि युनिव्हर्सिटीचा इंटरनॅशनल डेस्कही सांगतो.

सोबत जोडायचं ते असं: पासपोर्टच्या पानांची झेरॉक्स, शिक्के आणि विसाची पानं धरून, ऍडमिशनचा कागद, इन्शुरन्स, पैशांचा पुरावा, राहायच्या जागेचा पुरावा. ताबाक्केरिया म्हणजे बाहेर पांढरा टी लिहिलेलं दुकान, तिथून १६ युरोचा मार्का दा बोल्लो घ्या, आपल्याकडच्या रेव्हेन्यू स्टॅम्पसारखा चिकटवायचा तिकिटासारखा कागद. मग पाकीट न चिकटवता, हो, उघडंच, आणि ओरिजिनल पासपोर्ट घेऊन पुन्हा पोस्टात जायचं. खिडकीवरचा माणूस एकेक पान तपासतो, परमिटची फी आणि पोस्टाचे ३० युरो घेतो. सगळं धरून १२० युरोच्या आसपास जातात, तेवढे बाजूला काढून ठेवा.

शेवटी एक पावती देतात, रिचेवुता. कार्ड हातात येईपर्यंत हीच तुमची ओळख. त्यावर युझर नेम आणि पासवर्ड असतो, त्यावरून अर्ज कुठवर आलाय ते बघता येतं. सोबत क्वेस्तुरा म्हणजे पोलिस ऑफिसमधली अपॉइंटमेंटही मिळते, तिथं फोटो घेऊन जायचं, बोटांचे ठसे घेतात. अपॉइंटमेंटची तारीख लांबची असली तर घाबरू नका, सगळ्यांचं तसंच असतं. पावतीचे फोटो काढून ईमेलला ठेवा, एक झेरॉक्स पाकिटात ठेवा, ओरिजिनल घरी पासपोर्टजवळ.

हेल्थ इन्शुरन्सबद्दल जुन्या सीनियरचा सल्ला आता चालत नाही. सरकारी आरोग्य सेवेची वर्षाची फी विद्यार्थ्यांना आधी १५० युरोच्या आसपास होती, २०२४ पासून ती ७०० युरो झालीय. आणि ती जानेवारी ते डिसेंबर अशी मोजतात, सप्टेंबरमध्ये भरली तरी डिसेंबरलाच संपते. त्यामुळं बहुतेक जण पहिल्या वर्षी परमिटला चालेल अशी प्रायव्हेट पॉलिसी घेतात. मात्र नेहमीची औषधं चालू असतील, काही जुना आजार असेल तर पैशांकडं न बघता नीट विचार करा, जानेवारीपासून सरकारी घेणं तुम्हाला बरं पडेल. इमर्जन्सीला ११२.

स्वयंपाकघर

शाकाहारी असाल तर हे लक्ष देऊन वाचा. तोर्तेल्लीनी आणि तोर्तेल्लोनी ही दोन वेगळी माणसं समजा. छोटी तोर्तेल्लीनी, तिच्यात डुकराचं मांस असतंच. मोठी तोर्तेल्लोनी, तिच्यात बहुतेक करून रिकोत्ता चीज आणि पालकासारखी भाजी असते. पियादीना दिसायला आपल्या पोळीसारखी, पण पारंपरिक पिठात डुकराची चरबी घालतात, पाकिटावर 'स्त्रुत्तो' लिहिलंय का ते वाचा, ऑलिव्ह ऑइलची पण मिळते. पार्मिजानो चीज बनवताना वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) वापरतात, तेही ज्यांना चालत नसेल त्यांनी आधीच ठरवा.

बाकी घरचं जेवण इथं मस्त जमतं. फारीना दि चेची म्हणजे हरभऱ्याचं पीठ, कुठल्याही मोठ्या सुपरमार्केटमध्ये मिळतं, पिठलं होतं त्याचं. लाल सोललेली लेंतिक्किये म्हणजे आपली मसूर डाळ. सेमोलीनो आणला की उपमा झाला. पोळ्यांसाठी ००वाली फारीना घेऊ नका, तो मैदा आहे, इंतेग्राले म्हणजे कोंड्यासकटचं घ्या, नाहीतर बोलोनीनातल्या बांगलादेशी-पाकिस्तानी दुकानांतून आटा आणा, तूरडाळ, कढीपत्ता, मिरच्याही तिथंच. सुपरमार्केटमध्ये कोथिंबिरीसारखी दिसते ती जुडी बहुतेक वेळा प्रेझ्झेमोलो म्हणजे पार्सली निघते, वास घेऊन बघा. भाजी उचलताना प्लॅस्टिकचा हातमोजा घालायचा, नंबर बघून स्वतः वजन करून स्टिकर लावायचा.

कुकर आणायचाच असेल तर इंडक्शनवर चालणारा आणा, काही घरांत गॅस नसतो. घरांचं वीज कनेक्शन साधारण ३ किलोवॅटचं असतं, ओव्हन, वॉशिंग मशीन आणि केटल एकदम लावलं की अख्ख्या घराची लाइट जाते, पहिल्या आठवड्यात रूममेटला विचारून मेन स्विच कुठंय ते बघून ठेवा. आपली जाड तीन पिनांची प्लग इथं बसत नाहीत, दोन अडॅप्टर तिकडूनच आणा.

कॉलेज

लेक्चर ९ ला लिहिलं असेल तर बहुतेक वेळा सव्वानऊला सुरू होतं, ही इथली जुनी पद्धत आहे, पण पहिल्या आठवड्यात वेळेवरच जा कारण बसायला जागा मिळत नाही. मार्क ३० पैकी, १८ ला पास. बऱ्याच परीक्षा तोंडी असतात, प्रोफेसर समोर बसून विचारतात, आणि मिळालेले मार्क पटले नाहीत तर नाकारून पुन्हा बसता येतं, आपल्याकडून आलेल्यांना हे खरंच वाटत नाही. परीक्षेला नाव आल्माएझामी या साइटवर आधी नोंदवावं लागतं, मुदत गेली की बसू देत नाहीत. अभ्यासाला माज्जोरे चौकाजवळची सालाबोर्सा लायब्ररी बघाच, फुकट आहे, आणि काचेच्या जमिनीखाली रोमन काळातले अवशेष दिसतात.

परमिटवर आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं, वर्षाला १०४० तास. पहिल्या महिन्यात मात्र कामाच्या मागं लागू नका, तेवढ्या वेळात इटालियन शिका, इंग्लिश कोर्स असला तरी पोस्टात आणि क्वेस्तुरात इंग्लिश बोलणारं माणूस मिळेलच असं नाही. रस्त्यावर कुणी २०-३० युरोत सायकल देऊ केली तर घेऊ नका, चोरीची असते, आणि घेणाराही अडकतो.

डिसेंबरला घरी जायचं तिकीट काढणार असाल तर आधी विसावरची शेवटची तारीख आणि किती वेळा आत येता येईल ते बघा. विसा चालू असेल तर कुठूनही जा. विसा संपला आणि हातात फक्त रिचेवुता असेल तर युरोपातल्या दुसऱ्या शेंगेन देशात विमान बदलता येत नाही, फ्रँकफर्ट-पॅरिसचं स्वस्त तिकीट दिसलं तरी सोडून द्या आणि दुबई किंवा इस्तंबूलवरूनच काढा, आणि पासपोर्टसोबत ओरिजिनल पावती हँडबॅगेत ठेवा, झेरॉक्स तिथं चालत नाही.